आप्पा हट्टी झालेले नाहीत

प्रश्न पुण्याहून आला आहे. लिहिणाऱ्यांचे वडील, आप्पा, ७६ वर्षांचे. सोलापुरात मिलच्या विव्हिंग खात्यात होते, मिल बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात मुकादम झाले. दोन वर्षांपासून तेच तेच विचारतात. गेल्या सहा महिन्यांत पेन्शनचे पैसे बायकोनेच चोरले म्हणून रोज भांडण, उन्हं कलली की चप्पल घालून ‘पाळीला उशीर होतोय’ म्हणत दाराकडे, आणि आंघोळीला ठाम नकार. आई ७० वर्षांच्या, एकट्याच सगळं बघतात. त्यांचं म्हणणं, ‘हे मुद्दाम करतात. पाहुणे आले की कसे नीट बोलतात बघा!’ मुलाने चार गोष्टी विचारल्या आहेत: हा हट्ट आहे की आजार, औषधाने बरे होतील का, पुण्याला न्यावं का, आणि त्यांच्याशी खोटं बोललं तर चालतं का.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि २६ वर्षं सोलापुरातच काम करतो. सुरुवात आईंच्या वाक्यापासून करतो, कारण पुष्कळ घरं याच वाक्यावर येऊन मोडतात.

पाहुण्यांसमोर आप्पा नीट बोलतात हे खरं आहे आणि ते नाटक नाही. परक्या माणसासमोर आपण सगळेच बळ गोळा करून बसतो. ‘या, बसा, चहा घ्या, पाऊसपाणी काय म्हणतंय’ ही वाक्यं साठ वर्षांच्या सवयीने तोंडात बसलेली असतात, त्यांना नवी आठवण लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं निभावून जातं. पाहुणा उंबऱ्याबाहेर गेला की बळ संपतं आणि नंतरची चिडचिड आईंच्या वाट्याला येते. त्यात तो पाहुणा जाता जाता म्हणतो, ‘चांगले तर आहेत की, वहिनी उगाच घाबरतात.’ हे ऐकून दवाखान्यात येऊन रडणाऱ्या किती बायका मी पाहिल्या! तेव्हा आईंना आजच फोन करून दोन गोष्टी सांगा. ते मुद्दाम करत नाहीत. आणि तुमचं काही चुकलेलं नाही.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत, नाहीतर ‘म्हातारचळ लागला’ म्हणत हा आजार दोन-तीन वर्षं घरातच मुरतो. वय झालं की नावं पटकन ओठांवर येत नाहीत, मंडईतून कोथिंबीर आणायची राहून जाते, ते ठीक आहे. पण चाळीस वर्षं लक्ष्मी मंडईत जाणाऱ्याला परतीचा रस्ता सापडेना, सुटे पैसे मोजता येईनात, ताटावरून उठून हात धुतल्यावर ‘मला कोणी जेवायलाच दिलं नाही’ असं मनापासून वाटू लागलं, तर ते वय नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. डिमेन्शिया, मराठीत स्मृतिभ्रंश. लासी-डॅड नावाची देशभरातली मोठी पाहणी झाली, तिच्या हिशेबाने आपल्याकडे साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना तो आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. बायकांमध्ये आणि खेड्यांमध्ये जास्त. तुमचं घर यात एकटं नाही.

डिमेन्शिया हा शब्द ‘ताप’ या शब्दासारखा आहे, मागे कारणं वेगवेगळी असतात. १०० पैकी ६० ते ७० जणांत अल्झायमर असतो. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली पन्नाशीतल्या एका बाईच्या मेंदूत झालेले बदल पहिल्यांदा मांडले, म्हणून ते नाव. दुसरा आपल्याकडे भरपूर दिसणारा प्रकार रक्तवाहिन्यांचा. वर्षानुवर्षं बीपी आणि शुगर वाढलेली, तंबाखू-मिश्रीची सवय, मग लहान लहान झटके येतात आणि माणूस पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने खाली जातो. कधी दोन्ही एकत्र असतात. नसलेली माणसं किंवा लहान मुलं घरात दिसू लागली, चाल आखडली, झोपेत ओरडणं-हातपाय मारणं चालू झालं, तर लेवी बॉडी प्रकाराचा संशय घ्यावा लागतो. ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं फार वाईट बाधतात.

आता आप्पा मिलला का निघतात ते. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नवी आठवण आधी तिथे धरली जाते. अल्झायमरमध्ये तोच लवकर झिजतो. त्यामुळे सकाळी काय खाल्लं ते टिकत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचा जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, नावानिशी आठवतो. सोलापूरच्या माणसाला मी एवढंच सांगतो की चादर उसवते ती शेवटी विणलेल्या टोकाकडून. आधी विणलेलं पुष्कळ दिवस शाबूत राहतं. मिल बंद पडली, ही आप्पांच्या कापडातली नंतरची वीण. ती उसवली आहे. म्हणून त्यांच्या जगात भोंगा अजून वाजतो, आणि पाळी चुकली तर पगार कापतील ही काळजीही खरी असते. तुम्ही ‘कुठली मिल? बंद होऊन जमाना झाला’ म्हणता तेव्हा त्यांना वाटतं की घरचे आपल्याला कामावर जाऊ देत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ आले होते, मागावर आयुष्य गेलेलं. मी कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला, सगळे आकडे उजव्या कडेला दाटीवाटीने लिहिले आणि पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेली मुलगी रडायला लागली. टेबलावर माझा हात पुसायचा टॉवेल पडला होता, दशा म्हणजे कडेचे धागे सुटलेला. बोलता बोलता त्यांनी दोन दशा चिमटीत धरल्या, अंगठा आणि बोट एकदाच फिरलं आणि गाठ बसली. विणकराची गाठ, बारीक, मागाच्या फणीत अडकणार नाही अशी. मग दुसरी, मग तिसरी. हाताकडे बघत नव्हते. दहा मिनिटांत टॉवेलची एक कड बांधून झाली, आणि आल्यापासून दाराकडे बघणारा तो माणूस निवांत बसला होता. हातांची आठवण मेंदूत दुसरीकडे राहते आणि उशिरापर्यंत टिकते. मुलीला मी सांगितलं, यांना शब्दकोडी सोडवायला लावू नका, यांना दशा द्या.

तुमच्या आप्पांनी कारखान्यात टॉवेल मोजून गठ्ठे बांधले असतील. संध्याकाळी साडेचारला त्यांच्यापुढे दहा-बारा टॉवेल ठेवा आणि ‘मुकादम, एवढे मोजून द्या’ म्हणा. घड्या वाकड्या पडल्या तरी हसू नका, दुरुस्त करू नका. रात्री ते झोपल्यावर घड्या मोडून ठेवा, उद्या परत द्या. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एक आजी दिवसभर ओरडायच्या. सुनेने सूप मांडीवर दिलं, पानाच्या आकाराचे कागद कापून दिले, थोडा दोरा दिला. आयुष्यभर रोज हजार-हजार विड्या वळलेली ती बोटं चालू लागली आणि ओरडणं निम्म्यावर आलं. त्यांचं मराठी मात्र पूर्ण गेलं होतं, माहेरची तेलुगूच तेवढी उरली होती. सोलापुरात हे फार दिसतं. शहराच्या पूर्व भागातला माणूस तेलुगूकडे परततो, अक्कलकोटकडचा कन्नडकडे. घरातल्या नातवंडांना ती भाषा येत नसते आणि मग ‘आजोबा काहीतरी बडबडतात’ असं होतं. बडबड नसते ती. ती भाषा येणारा शेजारी रोज अर्धा तास येऊन बसला तरी फरक पडतो.

‘घरी जायचंय’ हे वाक्य मी या शहरात चार भाषांत ऐकलंय. मराठीत, ‘इंटिकि पोदाम’ असं तेलुगूत, ‘मनीगे होगोण’ असं कन्नडमध्ये, ‘घर कू जाना’ असं दख्खनीत. म्हणणारा प्रत्येक जण त्या वेळी स्वतःच्या घरातच बसलेला असतो. त्याला पत्ता नको असतो. त्याला जीव सैल पडेल अशी जागा हवी असते. ‘हेच तुमचं घर’ असं दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. ‘जाऊ की. आधी चहा घेऊ’ म्हणून हात धरला की पुष्कळदा काम होतं.

पण हे सगळं करण्याआधी तपासण्या. ‘डिमेन्शिया’ हा शिक्का बसला की पुढे कोणी काही शोधत नाही, आणि काही कारणं भरून निघणारी असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, सोडियम उतरणं. शाकाहारी घरात बी-१२ पुष्कळदा कमी असतं, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी उतरतं. महिना-दोन महिन्यांपूर्वी पडले होते का? म्हातारपणी साध्या धक्क्यानेही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. ते ऑपरेशनने काढता येतं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि विसराळूपणा, हे तिन्ही एकत्र असतील तर मेंदूत पाणी साचलंय का ते बघावं लागतं. नैराश्यही स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय एकदा कराच. यासाठी पुण्याला धावायची गरज नाही, सोलापुरात सगळं होतं. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

आणि कान तपासा. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येत असणारच. ‘सांगितलेलं लक्षात राहत नाही’ यातलं काही ‘सांगितलेलं ऐकूच गेलं नाही’ असं निघतं. मोतीबिंदूचंही तसंच.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, यांनी म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ वाढतो. मेडिकलमधून परस्पर आणलेली एखादी पट्टीही त्यात असते, तीही घाला.

बरे होतील का, या प्रश्नाला सरळ उत्तर: अल्झायमर असेल तर नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आहेत. काहींना त्यांनी काही महिने-वर्षं थोडं बरं चालतं, काहींना फारसा फरक पडत नाही. डोनेपेझिलने नाडी मंद होऊ शकते, पोट बिघडतं, म्हणून आधी ईसीजी काढलेला बरा. अलीकडे आलेली महागडी इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत, आजार फक्त जरा मंदावतात आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तुम्ही लिहिलेली अवस्था त्याच्या पुढची वाटते. त्यासाठी घर गहाण टाकू नका.

‘शांत राहायची गोळी द्या’ असं नातेवाईक मागतात आणि मला त्यांची दमणूक कळते. पण या औषधांनी म्हाताऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच तसा कडक इशारा छापायला लावला. मी ती देतो, नाही असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, भासांनी हैराण झालाय, तेव्हा थोड्या मात्रेत, थोड्या आठवड्यांसाठी. आईंना मोकळी दुपार मिळावी म्हणून आप्पांना गुंगीत ठेवणं मला मान्य नाही. आईंना मोकळी दुपार मिळायलाच हवी, तिच्यावर पुढे येतो.

आता खोटं बोलण्याबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना सांगायचो, खरं काय ते शांतपणे समजावत राहा. आज वार कोणता, साल कोणतं, कोण आहे, कोण नाही. एका मुलीने माझं ऐकलं. तिची आई रोज विचारायची, ‘हे कुठे गेले?’ मुलगी रोज सांगायची, बाबा वारले. आई रोज पहिल्यांदाच ऐकायची. कपाळ बडवून रडायची, दुपारी विसरायची, संध्याकाळी पुन्हा दाराकडे बघत विचारायची. पंधरा दिवसांनी ती मुलगी येऊन म्हणाली, ‘डॉक्टर, माझी आई पंधरा वेळा विधवा झाली.’ सल्ला माझा होता. ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून तो सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

तेव्हा रचून रचून खोटं सांगायची गरज नाही, आणि खरं रोज तोंडावर मारायचीही नाही. आप्पांनी स्वतःच्या आईबद्दल ‘आई कुठे गेली’ विचारलं तर, ‘आईची आठवण येते का? आजी काय करायची तुमच्यासाठी?’ म्हणून विचारा. ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीपर्यंत येऊन पोचतील. प्रश्नामागे जी हुरहूर असते, तिला उत्तर मिळालं की प्रश्न थोडा वेळ थांबतो. बोललेलं ते विसरतात, पण बोलण्याने आलेली भीती किंवा गोडी बराच वेळ अंगात राहते. सकाळी ओरडा बसला तर कशाबद्दल बसला ते दहा मिनिटांत पुसलं जातं, दिवस मात्र वाईट जातो.

चोरीचा आळ हे आईंचं सर्वांत मोठं दुःख आहे, म्हणून थोडं सविस्तर. आप्पा पैसे नीट राहावेत म्हणून लपवतात. मग लपवल्याचंच विसरतात. जागेवर पैसे नाहीत, आणि घरात दुसरं माणूस एकच. मेंदू रिकामी जागा भरतो आणि चोर तयार होतो. जवळच्या माणसावरच आळ येतो, कारण जवळ तेवढंच माणूस असतं. ‘मी कशाला घेऊ? पन्नास वर्षं संसार केला!’ हे आईंनी म्हणणं स्वाभाविक आहे, पण भांडणात शिरलात की दोघंही हरता. ‘सापडत नाहीत का? थांबा, दोघं मिळून शोधू’ म्हणा आणि खरंच शोधा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. उशीचा अभ्रा, ज्वारीचा डबा, देवघरातल्या फोटोच्या मागे, जुन्या चपलांचा खोका. महिनाभरात आईंना सगळ्या पाठ होतील. सापडल्यावर ‘बघा, तुम्हीच ठेवले होते’ हे वाक्य गिळायचं. मोठी रक्कम बँकेतच राहू द्या, पण दहा-वीसच्या पाच-सहा नोटा असलेलं पाकीट त्यांच्या बंडीच्या खिशात कायम असू द्या. जन्मभर कमावलेल्या माणसाचा खिसा रिकामा असला की तो कासावीस होतो, आणि त्याला डिमेन्शिया असण्याची गरज नाही.

संध्याकाळ ही या आजारात वाईट वेळ. मेंदू दमलेला असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात. साडेचारलाच चहा आणि काहीतरी खायला द्या, अंधार पडायच्या आधी घरातले दिवे लावा, टीव्हीवरचं भांडण बंद करा. जमलं तर त्याआधीच कोणीतरी त्यांना फिरवून आणा. दाराकडे निघालेच तर आडवं उभं राहू नका. ‘मीपण येतो’ म्हणून बरोबर निघा, गल्लीला एक वळसा घाला आणि ‘आज पाळी नाही, सुट्टी आहे’ म्हणत परत आणा. हे खोटं की खरं यावर मी आता वाद घालत नाही.

एकटे बाहेर पडलेच, तर? खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेली चिठ्ठी ठेवा, पण चिठ्ठी ते फेकून देतात, म्हणून शर्टाच्या आतल्या बाजूलाही नंबर शिवून घ्या. दाराला नेहमीच्या उंचीवर नाही, वर किंवा खाली एक कडी बसवा. (घरात माणूस असतानाच. त्यांना एकट्याला कोंडून कधीही जायचं नाही.) गल्लीतल्या चहावाल्याला, रिक्षा स्टॉपवर, किराणावाल्याला स्पष्ट सांगून ठेवा, ‘आप्पांना आजार आहे, एकटे दिसले तर गप्पा मारत बसवून घ्या आणि फोन करा.’ लाज धरू नका. हे लपवणाऱ्या घरांतली माणसं जास्त वेळ हरवलेली मी पाहिली आहेत. हरवले तर आधी जुन्या वाटा शोधा: मिलचा रस्ता, जुनं भाड्याचं घर, सिद्धेश्वर मंदिर. पोलिसांना लगेच कळवा, चोवीस तास थांबायचं काही कारण नाही. आणि संक्रांतीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत नेऊ नका. मिरवणुकीतले नंदीध्वज बघायची त्यांची ओढ मी समजू शकतो, तेव्हा मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्या कोणाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवा, दोन्ही बाजूंना घरची माणसं.

आंघोळ. नकारामागे बहुतेक वेळा भीती असते. न्हाणीघर अंधारं, फरशी ओली, डोक्यावर एकदम पाणी, आणि कोणीतरी कपडे काढतंय. ‘आंघोळ करा’ असं विचारलं की ‘नको’ येणार. पाणी तापवून, स्टूल ठेवून, टॉवेल गरम जागी ठेवून मगच बोलवा. तांब्या त्यांच्याच हातात द्या, पायांपासून सुरुवात, डोकं आठवड्यातून एकदा पुरे. एका घराची युक्ती मला फार आवडली. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ‘पाणी आलं!’ अशी हाक ऐकली की सोलापूरकर झोपेतून उठून बादली उचलतो. त्या घरातले आजोबा त्याच हाकेला उठायचे, न्हाणीत जायचे, आणि तिथवर गेलेच आहेत तर आंघोळ व्हायची. न्हाणीघराची आतली कडी मात्र आजच काढून टाका. गॅस रात्री आणि दुपारी रेग्युलेटरपाशी बंद.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. हा आजार महिन्या-वर्षांनी सरकतो. आप्पा दोन दिवसांत एकदम बिघडले, दिवसभर झोपाळले, रात्रभर ओरडले, माणसंच ओळखेनात, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. त्याला डिलिरियम म्हणतात आणि मागे शरीराचं काहीतरी असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, नवी गोळी, कोंडलेली लघवी. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर जातं तेव्हा माझ्याकडे असे रुग्ण वाढतात, कारण तहान लागल्याचं त्यांना सांगताच येत नाही. एका आजींना ‘वेडाचा झटका आला’ म्हणून चौघांनी धरून आणलं होतं. सहा दिवस शौचाला झालं नव्हतं, एवढंच. पोट साफ झालं, सलाइन लागलं, तिसऱ्या दिवशी त्या पूर्वीसारख्या झाल्या. पाणी मागण्याची वाट न बघता दर दोन तासांनी हातात द्या, ताक, सरबत, काहीही. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पुण्याला नेण्याचं म्हणाल, तर सध्या नको. पुण्यातल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आप्पांना संडास कुठे ते सापडणार नाही आणि खाली ओळखीचा एकही चहावाला नाही. सोलापूरच्या घरात त्यांचे पाय वाट ओळखतात, तेच त्यांचं उरलेलं भांडवल आहे. त्याहून वाईट म्हणजे पाळी लावणं, तीन महिने थोरल्याकडे, तीन महिने धाकट्याकडे. भावाभावांत न्याय होतो, पण रुग्णाला दर तीन महिन्यांनी नवं शहर पडतं. पाळी लावायचीच तर तुम्ही भावंडांनी सोलापुरात येऊन राहण्याची लावा. पुढे आईंना अजिबात झेपेना झालं तर दोघांना एकत्र आणि कायमचं न्या, आप्पांची खाट, चादर, देवाचा फोटो, रेडिओ यांच्यासकट.

आणि आता आई. मला तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटली. तुम्ही आप्पांबद्दल पुष्कळ लिहिलंत आणि आईंबद्दल एकच ओळ, ‘एकटीच सगळं बघते.’ रात्री दोनदा-तीनदा उठणं, दिवसभर चोर ठरणं, घराबाहेर पाऊल नाही, हे ७० वर्षांच्या बाईला सहा महिने चाललंय. अशा घरांत बघणारं माणूस आधी आडवं होतं, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतात का? शेवटची तपासणी कधी झाली? त्यांना कधी राग येऊन आप्पांवर हात उगारावासा वाटला असेल, आणि नंतर रात्रभर रडू आलं असेल. हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्ही विचारा, आणि ऐकून घेताना ‘असं नको करत जाऊस’ म्हणू नका.

रोज चार तासांसाठी एक बाई किंवा मावशी ठेवा, पैसे तुम्ही भावंडांनी घाला. आई ‘नको, मी करते’ म्हणतील, तरी ठेवा. त्या चार तासांत आईंनी स्वयंपाक करायचा नाही. झोपायचं, देवळात जायचं, बहिणीकडे जाऊन बसायचं. बहीण असेल तर तिला सांगा की आप्पांच्या तब्येतीच्या चौकशीपेक्षा दर मंगळवारी दुपारी दोन तास येऊन बस. कोणी ‘करणी झाली’ म्हणून देवऋषाकडे न्यायला सांगेल. भांडू नका, पण अंगारा लावण्यापलीकडे जे काही असेल, मारणं, उपाशी ठेवणं, झाडपाला पाजणं, त्याला ठाम नकार द्या. रात्री-अपरात्री आईंना बोलावंसं वाटलं तर १४४१६ ही मानसिक आधाराची टेलिमानस फोनसेवा चोवीस तास आहे, मोफत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन दिवसा चालते.

कागदपत्रांचं काम मात्र पुढे ढकलू नका. आप्पांना अजून चांगल्या दिवशी, सकाळच्या वेळी, व्यवहार कळत असेल तर खात्यावर आईंचं नाव, सगळीकडे नॉमिनी, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडून आत्ताच करा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ सालापासून बँकांना सांगणं आहे, तसा अर्ज शाखेत द्या.

विचारलं नाहीत, पण मुलांच्या मनात असतंच म्हणून सांगतो: वडिलांना आहे म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. या वयात सुरू झालेला आजार सहसा थेट वारशाने येत नाही, धोका थोडा वाढतो इतकंच. २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने १४ कारणं मोजली, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, कमी ऐकू येणं वगैरे, आणि ती सगळी आवरली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा अंदाज दिला. तुमचं बीपी मोजून किती दिवस झाले?

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने या. त्या दोन रात्री आप्पांच्या खोलीत तुम्ही झोपा, आईंना दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या. आप्पा दोनच्या सुमारास उठून चप्पल शोधतील. दिवा लावा, पाणी द्या, आणि ‘आज कोणत्या मागावर आहात?’ म्हणून विचारा. किती वेळा उठले, लघवीला किती वेळा गेले, कोणाशी बोलत होते का, काही दिसत होतं का, हे एका कागदावर वेळेसकट लिहा. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना तो कागद, गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट आणि आप्पांबरोबर आईंनाही न्या. केसपेपर दोघांचे काढा.